वजन घटवण्याची उद्दिष्टे

वजन घटवण्याची उद्दिष्टे म्हणजे अतिरिक्त वजन कमी करू इच्छिणाऱ्या व्यक्तीने स्वतःसाठी ठरवलेली, मोजता येण्याजोगी आणि ठरावीक मुदतीची लक्ष्ये होत. त्यांचे दीर्घकालीन व अल्पकालीन असे दोन प्रकार मानले जातात. अपेक्षित वजन, कंबरेचा घेर किंवा एखाद्या आजाराचा धोका कमी करणे ही दीर्घकालीन उद्दिष्टे असून, त्यांकडे नेणाऱ्या रोजच्या वा आठवड्याच्या कृती ही अल्पकालीन उद्दिष्टे होत.

दीर्घकालीन उद्दिष्ट

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार प्रौढांमध्ये २५ पासून अतिवजन आणि ३० पासून स्थूलता धरतात. भारतीयांमध्ये तुलनेने कमी निर्देशांकालाही मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यामुळे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात या मर्यादा अनुक्रमे २३ आणि २५ अशा धरल्या आहेत. कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंमी व स्त्रियांसाठी ८० सेंमी आहे.

१६० सेंमी उंची आणि ८० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक सुमारे ३१ येतो. तो २३ च्या खाली आणण्यासाठी २१ किलोंहून अधिक वजन घटवावे लागेल. एवढा मोठा आकडा पाहून अनेकांचा धीर खचतो. आरोग्याला लाभ होण्यासाठी मात्र तिथवर पोहोचणे आवश्यक नसते. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट हे पहिले उद्दिष्ट सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जाते. वरील व्यक्तीसाठी ते ४ ते ८ किलो एवढे होते.

संशोधनातील आधार

अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहाचा धोका असलेल्या ३,२३४ प्रौढांचा अभ्यास झाला. जीवनशैली बदलणाऱ्या गटापुढे वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल अशी दोनच उद्दिष्टे होती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषधाचा आभास देणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. विशेष म्हणजे २४ आठवड्यांअखेर ७ टक्क्यांचे लक्ष्य निम्म्याच सहभागींनी गाठले होते.

भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आहार व व्यायामात बदल करणाऱ्यांचा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्यांचे वजन मात्र फारसे कमी झाले नव्हते. वजनकाट्यावरील आकडा हे प्रगतीचे एकमेव माप नाही, हे यावरून दिसते.

अल्पकालीन उद्दिष्टे

वजनावर व्यक्तीचा थेट ताबा नसतो; कृतीवर बराच असतो. म्हणून अल्पकालीन उद्दिष्ट कृतीच्या स्वरूपात मांडणे सोयीचे ठरते. ‘कमी खायचे’ हा संकल्प मोजता येत नाही. ‘चहात दोनऐवजी एक चमचा साखर’, ‘भात एकदाच वाढून घेणे’ किंवा ‘आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटे भरभर चालणे’ ही उद्दिष्टे पाळली की नाही, हे त्याच दिवशी कळते. ती वहीत नोंदवल्यास कोठे चूक होते तेही लक्षात येते.

आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो घट सुरक्षित समजली जाते. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरते, कारण शरीरातील ग्लायकोजेनबरोबर पाणीही कमी होते. पुढे हा वेग मंदावतो. वजन घटलेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते, त्यामुळे तोच आहार आणि तोच व्यायाम असूनही काही काळाने वजन स्थिरावते. हे अपयशाचे लक्षण नसून अपेक्षित टप्पा आहे.

अपेक्षा आणि मतभेद

१९९७ मधील एका अमेरिकी अभ्यासात स्थूल स्त्रियांनी सरासरी ३२ टक्के घटीचे लक्ष्य ठेवले होते. ४८ आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी १६ किलोंनी घटले. तरीही, ज्या वजनाला त्यांनी आधी ‘निराशाजनक’ म्हटले होते, तेवढेही जवळपास निम्म्या स्त्रियांना गाठता आले नाही. अशा निष्कर्षांमुळे माफक लक्ष्याचा सल्ला रूढ झाला. तथापि २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील एका लेखाने, मोठे लक्ष्य ठेवल्याने निराशा येऊन वजन कमी घटते, या समजाला पुरेसा पुरावा नसल्याचे नमूद केले. लक्ष्य मोठे असावे की माफक, याविषयी म्हणूनच एकमत नाही.

वजन टिकवणे

घटलेले वजन पुन्हा वाढणे ही सर्वांत सामान्य अडचण आहे. त्यामुळे अपेक्षित वजन गाठल्यानंतर ते टिकवणे हेच नवे दीर्घकालीन उद्दिष्ट ठरते. नियमित वजन पाहणे, चालणे सुरू ठेवणे आणि एक-दोन किलो वाढ दिसताच जुन्या नोंदींकडे परतणे यांचा त्यासाठी उपयोग होतो.

सावधगिरी

गर्भवती स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले, खाण्यासंबंधीचे मानसिक विकार असलेल्या व्यक्ती, तसेच इन्शुलिन किंवा मधुमेहाची अन्य औषधे घेणारे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय वजन घटवण्याचे उद्दिष्ट ठरवू नये. प्रयत्न न करता वजन घटत असल्यास वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.