स्वयंपाकाचं पुस्तक घ्यायचं, तर पारखून घ्या

मैत्रिणींनो, पुस्तकात बघून स्वयंपाक करायची वेळ आपल्यावर कुठं येते, असं तुम्ही म्हणाल. पण वेळ येते. गटाला पन्नास माणसांची ऑर्डर मिळाली की "मीठ अंदाजानं" चालत नाही. सासूबाई गेल्यावर येसराचं प्रमाण विचारायला कुणी उरत नाही. आणि लेक शिकायला पुण्याला गेली की फोनवर विचारते, "आई, आंबाडीच्या भाजीत कण्या किती घालू?"

आधी हे ध्यानात घ्या

आपला बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात आहे, पण शेजारी एकीकडं खान्देश आणि दुसरीकडं मराठवाडा. म्हणून आपल्या चुलीवर वऱ्हाडी रोडगे होतात, खान्देशासारखी कळण्याची भाकरीही होते आणि येसराची आमटीही. "महाराष्ट्रीय" लिहिलेल्या पुस्तकात हे सगळं एका जागी सापडणं कठीण. "विदर्भ" लिहिलेल्या पुस्तकातही बरेचदा नागपूरकडच्या सावजीचीच चव जास्त असते. ती चांगलीच आहे, पण आपल्या घरची नव्हे.

पुस्तक कसं पारखायचं?

१. तुम्हाला तोंडपाठ असलेले तीन पदार्थ पुस्तकात शोधा. रोडगे, पाटोडीचा रस्सा, ज्वारीचे बिबडे घ्या. रोडग्याला जाडसर दळलेली कणीक सांगितली आहे का? गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं लिहिलं आहे का? हे जुळलं, तर न येणाऱ्या पदार्थांसाठीही त्या पुस्तकावर भरवसा ठेवा. मैदा आणि ओव्हन एवढंच दिसलं, तर ठेवून द्या.

२. माप बघा. वाटी, चमचा, किती माणसांना पुरेल, हे स्पष्ट हवं. "चवीपुरतं" सारखं सारखं आलं, तर नवशिकीला त्याचा उपयोग नाही.

३. जिन्नस बघा. अंबाडी, घोळ, तरोटा, जवस, कारळं यांची नावं आहेत का? रानभाज्या नसतील, तर आपलं पावसाळ्यातलं अर्धं ताट त्यात नाही.

४. वाळवणाचं पान उघडा. कुरडयांचे गहू किती दिवस भिजवायचे, पाणी कधी बदलायचं, चीक कसा ओळखायचा, हे लिहिलेलं असेल, तर लिहिणारीनं स्वतः हात घातला आहे असं समजा.

माहीत असावीत अशी पुस्तकं

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. बाईंचं शाळेतलं शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, पण वाटी-चमच्याची मापं इतकी नेमकी की हजारो घरांत नव्या सुना त्यावर शिकल्या. चव मात्र सांगलीकडच्या वळणाची. नागपूरचे विष्णू मनोहर यांनी मराठीत बरीच पुस्तकं लिहिली आहेत. विदर्भाच्या पदार्थांसाठी ती चाळून बघा. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण सांगतं. आजवरच्या पुस्तकांत कुणाचं ताट आलं आणि कुणाचं राहून गेलं, हे त्यातून कळतं.

आणि राहिलेलं?

ते आपणच लिहायचं. प्रत्येकीनं पुस्तक घ्यायची गरज नाही. गटात एक घ्या, आळीपाळीनं वापरा. सोबत एक दोनशे पानी वही ठेवा. दर बैठकीला एका म्हाताऱ्या बाईला बोलवा आणि तिला एक पदार्थ करायला लावा. ती मूठभर पीठ घेईल; तुम्ही ते वाटीत टाकून मोजा, मगच लिहा. नुसतं विचारून लिहिलं तर चुकतं, कारण तिचं माप तिच्या हातात असतं, तोंडात नाही. पदार्थाखाली तिचं नाव आणि गाव जरूर लिहा.

चौथी शिकलेल्या बाईनं अख्ख्या महाराष्ट्राला स्वयंपाक शिकवला. आपल्या गटात तर सातवी-दहावी झालेल्या कितीतरी जणी आहेत. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या.