डायनॅमोला दोष देण्याआधी

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारीबंदीचे ६१ दिवस उत्तन, पाली, चौकच्या बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सेल्फ मारावा आणि इंजिनातून नुसतं ‘टक’ ऐकू यावं, हा अनुभव कोणत्याही नाखवाला नवा नाही. मग निदानही ठरलेलं असतं: बॅटरी बसली, नाहीतर डायनॅमो गेला. काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी येते आणि पंधरवड्यात तीही उतरते. पुष्कळदा दोष या दोन्हींत नसून त्यांच्या मधल्या हातभर वायरीत असतो.

‘दोन महिने वापरलीच नाही, मग उतरेल कशी?’ हा पहिला गैरसमज. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरते, आणि उकाड्यात जरा जास्तच वेगाने. उतरलेल्या अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. सिमेंटच्या लादीवर ठेवल्याने बॅटरी उतरते ही समजूत मात्र आता सोडून द्यायला हवी. जुन्या काळच्या लाकडी-रबरी पेट्यांपासून ती चालत आली आहे. आजच्या प्लास्टिकच्या पेटीतून लादीकडे करंट जात नाही. बंदीच्या काळात दोन्ही टर्मिनल सोडवून ठेवावीत आणि महिन्यातून एकदा चार्जर लावावा. एवढं पुरतं.

यापुढचा विषय मोजमापाचा. साधा मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. काही तास विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ दिसलं तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास चढायला हवा. चढला नाही, तरीही डायनॅमो उतरवायची घाई नको. मीटर आता डायनॅमोच्या मागच्या जाड बोल्टवर लावून पाहावा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ दिसलं, तर डायनॅमो आपलं काम चोख करतो आहे. मधला एक व्होल्ट कुठल्यातरी सांध्यात मरतो आहे.

तो सांधा डोळ्यांना फसवतो. वरून क्लॅम्प घट्ट, त्यावर ग्रीसचा थर, वायरीचं आवरण लालभडक. लगपासून दोन बोटं आवरण ब्लेडने सोललं की आत तांबं काळंकुट्ट निघतं, कधी हिरवी भुकटीच सांडते. खारी हवा लगच्या तोंडातून शिरते आणि तारेच्या आतून वर चढत जाते. म्हणून स्वच्छ, चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापून नवा लग दाबून बसवावा लागतो. नुसतं टर्मिनल घासून भागत नाही. बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर महाग पडते, पण घ्यावी तीच. आणि ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं ते सांधा घासून, आवळून झाल्यावर, वरून.

चार्जिंगचा दिवा विझला म्हणजे बॅटरी भरते आहे, असंही नाही. डायनॅमोत वीज तयार होते आहे एवढंच तो सांगतो. ती बॅटरीपर्यंत पोहोचते का, हे त्याला ठाऊक नसतं. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल, तर बल्ब उडालेला असू शकतो. अनेक डायनॅमोंना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, म्हणजे एवढ्याशा बल्बपायी चार्जिंग बंद.

धोक्याची सवय एकच आणि ती सर्वत्र दिसते. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उपटायचं. इंजिन चालू राहिलं तर डायनॅमो ठीक. आजच्या डायनॅमोत डायोड आणि रेग्युलेटर असतात. बॅटरी तुटताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि ते जळतात, सोबत जीपीएस आणि फिश फाइंडरही जाऊ शकतात. शिवाय डिझेल इंजिन बॅटरीवाचूनही चालत राहतं, त्यामुळे ही परीक्षा काहीच सिद्ध करत नाही. चार्ज होताना निघालेला हायड्रोजन बंद खणात साठला असेल, तर त्या एका ठिणगीने स्फोट होतो.

शेवटचा गैरसमज जिवाशी खेळणारा आहे: ‘वायरलेसवर ऐकू येतंय, म्हणजे बॅटरी ठीक.’ २५ वॅटच्या व्हीएचएफ सेटला ऐकण्यापुरता एक अँपियरही लागत नाही. बोलायचं बटण दाबताच तो पाच-सहा अँपियर ओढतो. कुजक्या सांध्यावर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि सेट बंद पडतो. म्हणून निघण्यापूर्वी बंदरातच, सेटच्या वायरीवर मीटर लावून बटण दाबून पाहावं. मात्र त्यासाठी १६ नंबरचा चॅनल वापरू नये. तो संकटातल्या हाकेसाठी मोकळा ठेवायचा असतो.