कारल्याचा रस आणि मधुमेहाची गोळी

मधुमेह असलेल्या अनेकांच्या घरी सकाळी कारल्याचा रस, भिजवलेली मेथी किंवा जांभळाच्या बियांचे चूर्ण घेतले जाते. हे औषध नव्हे, आहारच आहे, अशा समजुतीने ते डॉक्टरांना सांगितले जात नाही. परंतु वनस्पतींतील द्रव्येही शरीरात कार्य करतात. मेथीतील विद्राव्य तंतूंमुळे आतड्यातून साखर सावकाश शोषली जाते. कारल्यातील काही द्रव्ये रक्तातील साखर उतरवू शकतात.

ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्यांमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन अधिक स्रवते. जोडीला रोज पेलाभर कारल्याचा रस घेतल्यास दोहोंचा परिणाम एकत्र होऊन साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही तो आहे. क्लोरप्रोपामाइड घेणाऱ्या एका स्त्रीत कारले व लसूण असलेली करी खाल्ल्यावर साखर अधिक कमी झाल्याची नोंद १९७९ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली होती. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी क्वचितच उतरते.

घाम, थरथर, धडधड, घेरी ही साखर उतरल्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

जेवणातील कारल्याची भाजी वर्ज्य नाही. मात्र रस वा चूर्ण सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना एवढे अवश्य विचारावे.