विचेंझाचा लखोटा

१९८२ च्या जुलैत बार्सेलोनाच्या सारिया मैदानावर पाओलो रॉसीने ब्राझीलविरुद्ध केलेले तीन गोल फुटबॉलच्या रसिकाला पाठ आहेत, आणि त्यांविषयी नवे सांगावे असे फारसे उरलेलेही नाही. परंतु गेली कित्येक वर्षे माझे मन गुंतून राहिले आहे ते त्या गोलांत नव्हे, तर त्यांच्या चार वर्षे आधी मिलान येथे, इटलीच्या लीगच्या कचेरीत, उघडल्या गेलेल्या दोन मोहोरबंद लखोट्यांत. एका एकवीस वर्षांच्या खेळाडूचे भवितव्य त्याच्या गैरहजेरीत, कागदावर लिहिलेल्या एका आकड्याने ठरले, आणि पुढे त्याच्या वाट्याला आलेले बहुतेक दुर्दैव, तसेच कदाचित ते तीन गोलही, त्या आकड्यापासूनच ओघाने निघाले, असे माझे मत होत गेले आहे.

रॉसीचा जन्म १९५६ चा, प्रातोचा. हे तोस्कानातील लोकरीच्या धंद्याचे गाव. युव्हेंटसने त्याला किशोरवयातच उचलले; परंतु विशी गाठण्यापूर्वीच गुडघ्यांतील कूर्चांवर तीन शस्त्रक्रिया झाल्या, कोमो संघाकडे उसना धाडला असता तेथे त्याला जेमतेम सहा सामने मिळाले, आणि १९७६ मध्ये त्याची रवानगी विचेंझाला, म्हणजे दुय्यम श्रेणीत, झाली. या संघाचे पूर्ण नाव लानेरॉसी विचेंझा. त्यातील ‘रॉसी’चा आपल्या नायकाशी काही संबंध नाही, स्किओ येथील रॉसी घराण्याच्या लोकर गिरणीने १९५३ मध्ये हा संघ आपल्या आश्रयास घेतला, आणि जाहिरातीला बंदी असलेल्या त्या काळातही गिरणीचे ‘आर’ हे अक्षर खेळाडूंच्या छातीवर झळकत राहिले. मफतलाल आणि ऑर्के मिलचे संघ पाहिलेल्या मुंबईकराला गिरणीच्या नावाने खेळणारा संघ ही कल्पना परकी वाटू नये.

येथे प्रशिक्षक जोव्हान बात्तिस्ता फाब्री यांनी एक गोष्ट केली, आणि ती केल्याबद्दल त्यांचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. उजव्या बगलेवर धावणाऱ्या या सडपातळ मुलाला त्यांनी मधल्या आघाडीवर उभे केले. अंगात बळ नाही, उंची नाही, परंतु बचावपटूच्या नजरेआड क्षणभर आधी सरकण्याची विलक्षण जाण आहे, हे त्यांनी ओळखले. पहिल्या वर्षी २१ गोल करून रॉसीने संघाला ‘सेरी आ’त नेले, दुसऱ्या वर्षी त्या सर्वोच्च श्रेणीत २४ गोल करून तो सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला आणि विचेंझा युव्हेंटसच्या मागोमाग दुसऱ्या स्थानावर आला.

आता लखोट्यांची बाब. त्या काळी इटलीत एका खेळाडूवर दोन संघांची निम्मी-निम्मी सामाईक मालकी असण्याचा शिरस्ता होता, आणि रॉसी असाच अर्धा युव्हेंटसचा, अर्धा विचेंझाचा होता. मुदत सरूनही उभय पक्षांत तडजोड न झाली, तर प्रत्येकाने उरलेल्या अर्ध्या हिश्शासाठी आपली रक्कम लिहून लखोटा बंद करावा, ज्याचा आकडा मोठा त्याने तेवढी रक्कम भरून खेळाडू न्यावा, असा नियम होता. खेळाडूची संमती विचारण्याची तजवीज त्यात नव्हती, आणि त्या रकमेतील एक लिराही त्याच्या हाती पडायचा नव्हता.

१९७८ च्या मे महिन्यात लखोटे फुटले. युव्हेंटसचे अध्यक्ष बोनिपेर्ती यांनी ८७ कोटी ५० लाख लिरा लिहिले होते. विचेंझाचे अध्यक्ष ज्युझेप्पे फारिना यांनी लिहिले होते २६१ कोटी २५ लाख १० हजार.

अर्ध्या माणसाची ही किंमत. तेव्हा संपूर्ण रॉसीचे मोल ५२२ कोटींच्या वर गेले. त्याच महिन्यात अपहृत माजी पंतप्रधान आल्दो मोरोंचा देह रोममध्ये एका मोटारीत सापडला होता आणि सारा देश शोकाकुल होता. अशा वेळी एका खेळाडूपायी इतकी रक्कम ओतली जावी, याने अनेकांच्या संतापास पारावार राहिला नाही. फारिना यांना वेड लागले, असे तेव्हा म्हटले गेले व अजूनही म्हटले जाते. मला ते मान्य नाही. प्रांतातल्या एका जमीनदाराने, युव्हेंटसमागच्या तुरिनच्या बलाढ्य घराण्याने आपले वैभव दर वर्षी उचलून न्यावे या रिवाजाला एकदा तरी नकार दिला, यात मला एक प्रकारचे तेज दिसते. त्यांचा दोष निराळा होता: रॉसीवर त्यांचा जीव होता यात शंका नाही, परंतु तो जीव त्यांनी मालकीच्या भाषेत व्यक्त केला, आणि त्या भाषेला हिशेब चुकवता येत नाही.

हिशेब लवकरच पुढे आला. त्या उन्हाळ्यात अर्जेंटिनातील विश्वचषकात रॉसीने तीन गोल केले खरे, पण पुढच्या मोसमात प्रागच्या डुकला संघाविरुद्ध गुडघा पुन्हा दुखावला, आणि त्याचे १५ गोल होऊनही विचेंझा खालच्या श्रेणीत घसरला. इतका महाग खेळाडू तेथे ठेवणे अशक्य, विकत घेणे इतरांना अवघड. म्हणून तो पेरुजाला भाड्याने दिला गेला. त्या भाड्याची तरतूद करण्यासाठी पेरुजाचे अध्यक्ष फ्रांको दात्तोमा यांनी पोंते या पास्ता कारखान्याचे नाव सदऱ्यावर घेतले. सदऱ्यावर केवळ क्रीडा-पोशाख पुरवणाऱ्या कंपनीचेच नाव चालत असल्याने त्याच नावाची कपड्यांची कंपनी उभी करावी लागली. लोकरीच्या अक्षराखालून निघालेला हा मुलगा आता पास्त्याच्या नावाखाली आला.

आणि पेरुजातच तो सामनेनिश्चितीच्या प्रकरणात सापडला. ३० डिसेंबर १९७९ चा आवेल्लिनोविरुद्धचा सामना २–२ असा सुटला. पेरुजाचे दोन्ही गोल रॉसीचे. रोममधील एक फळांचा घाऊक व्यापारी आणि एक खानावळवाला यांनी बेकायदा पैजांच्या व्यवहारात आपण बुडालो अशी फिर्याद दिली, आणि २३ मार्च १९८० रोजी मैदानांवरच खेळाडूंची धरपकड झाली. रॉसीला अटक झाली नाही, परंतु क्रीडा न्यायासनाने त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घातली. अपिलात ती दोन वर्षांची झाली. फौजदारी खटल्यात सारे सुटले, कारण असे कृत्य तेव्हाच्या कायद्यात गुन्हाच नव्हते. आपण निर्दोष आहोत हे रॉसीने मरेपर्यंत सांगितले, आणि त्याच्यावर माझा विश्वास आहे. फारिना यांनी लखोट्यात लहान आकडा लिहिला असता, तर तो त्या डिसेंबरात पेरुजाच्या सदऱ्यात नसताच.

त्या धरपकडीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २३ मार्च १९८१ रोजी, इटलीने ९१ क्रमांकाचा कायदा केला आणि खेळाडूला संघाशी जन्मभर जखडणाऱ्या बंधनाच्या निर्मूलनाचा मार्ग खुला केला. रॉसीच्या दृष्टीने तो उशिराच आला. सामाईक मालकीचा शिरस्ता तर २०१४ पर्यंत रद्द झाला नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. युव्हेंटसने त्याला परत घेतले. बंदी संपल्यावर तीनच लीग सामने खेळलेल्या रॉसीला राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक बेआर्झोत यांनी विश्वचषकासाठी स्पेनला नेले आणि लागोपाठ दोन मोसम सर्वाधिक गोल करणाऱ्या रोमाच्या प्रुत्सोला घरी ठेवले. विगो येथील तिन्ही सामने बरोबरीत सुटले, वृत्तपत्रांनी झोडपले, खेळाडूंनी पत्रकारांशी अबोला धरला. आणि मग ब्राझीलविरुद्ध तीन, पोलंडविरुद्ध दोन, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध एक.

फारिना त्याच १९८२ मध्ये मिलान संघाचे अध्यक्ष झाले होते. १९८५ च्या उन्हाळ्यात त्यांनी रॉसीला पुन्हा विकत घेतले, या वेळी युव्हेंटसकडून, उघड सौद्याने. गुडघे पार थकलेले होते. त्या मोसमात लीगमध्ये त्याचे दोनच गोल झाले, दोन्ही इंटरविरुद्धच्या एकाच सामन्यात. ते गोल होऊन दोन महिनेही उलटले नसतील, तोच कर्जबाजारी फारिना यांनी राजीनामा दिला आणि पुढे संघ बेर्लुस्कोनींच्या हाती गेला. रॉसी तो मोसम संपवून व्हेरोनाला गेला, एक वर्ष खेळला, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने बूट ठेवले.