टायर झिजला, वजनही घटलं!

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाचे दोन चालक असतात आणि दोघांनाही सारखीच गाडी मिळते. मग ज्याची फेरी कमी वेळात झाली तो जास्त वेगवान, हो ना? थांबा, एवढं सोपं नाही ते! आधी विचारायचं, त्याचे टायर किती फेऱ्या जुने आहेत? आणि टाकीत इंधन किती उरलंय?

सुरुवातीला गाडीत भरपूर इंधन असतं, 2024 मध्ये ते शंभर किलोच्या आसपास असायचं. ते जळत जातं, तशी गाडी हलकी होते आणि वेग वाढतो. पण त्याच वेळी टायरही झिजत असतात. पकड सुटू लागते आणि वेग घटतो. शेवटपर्यंत ही ओढाताण सुरूच!

28 जुलै 2024 ची बेल्जियममधली स्पाची शर्यत बघा. एक फेरी 7 किलोमीटरची, अशा 44 फेऱ्या. मर्सिडीजच्या लुइस हॅमिल्टननं दोनदा टायर बदलले. त्याचा जोडीदार जॉर्ज रसेल मात्र दहाव्या फेरीत एकदाच पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या जागी, गेला, तो पुन्हा थांबलाच नाही! पिटमध्ये शिरलं की वीसेक सेकंद जातात, ते त्यानं वाचवले. शेवटी ताज्या टायरवरचा हॅमिल्टन झपाट्यानं जवळ आला. पण रसेलनं त्याच टायरवर 34 फेऱ्या, म्हणजे सुमारे 238 किलोमीटर काढले आणि अर्ध्या सेकंदानं पहिला आला. टायर इतके जपून चालवणं आणि तरीही पुढे राहणं, मला तर हे कौशल्य नुसत्या वेगापेक्षा मोठं वाटतं.

मग गाडी वजनकाट्यावर चढली. इंधन काढल्यावर चालकासकट निदान 798 किलो भरायला हवी होती. भरली 796.5! रसेल बाद झाला आणि हॅमिल्टन विजेता ठरला.

दीड किलो गेलं कुठे? संघानं सांगितलेल्या कारणांपैकी एक होतं टायरची झीज. खोडरबर घासून घासून लहान होतो ना, तसंच टायरचं रबर रस्त्यावर घासून जातं. आणि रबरालाही वजन असतंच की!

गंमत म्हणजे, शर्यत संपल्यावर चालक एरवी एक सावकाश फेरी मारतात आणि मुद्दाम कडेच्या रबराच्या तुकड्यांवरून गाडी नेतात. तापलेल्या टायरला ते चिकटतात आणि वजन थोडं वाढतं! स्पाला मात्र ती फेरी नसते. पहिल्या वळणावरूनच गाड्या पिटकडे परततात.