जुनी लोखंडी चूल घेताय? आधी आत बघा

आमच्या बचत गटाच्या मागच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. कशासाठी, तर वापरलेली लोखंडी चूल घ्यायला. दोघी-तिघी हसल्या, पण आम्ही काही जणी गप्प बसलो. कारण या व्यवहारात आम्ही एकदा फसलोय.

गॅस घरात आला, तरी सिलिंडर पुरवून वापरावा लागतो. अंघोळीचं पाणी, भाकरी, गुरांचं आंबोण, यांना चूल लागतेच. नवी कमी धुराची चूल महाग वाटते. कुणाकडे ती नुसती पडून असते, ती बाई कमी पैशात द्यायला तयार होते. तेव्हा जुनी चूल घेण्यात वाईट काही नाही. नुसती बाहेरून बघून घेतली, की मात्र फसगत होते.

आमचं तसंच झालं. आठवडी बाजारात चंदेरी रंग दिलेली एक चूल दिसली, अगदी नवी वाटावी अशी. ७०० रुपये मोजले. तिसऱ्या दिवशी भाकरी भाजताना आतली जाळी तुटली आणि निखारे खाली सांडले. शेजारी काटक्यांचा भारा, पलीकडे लेकरू खेळत होतं. पाण्याची कळशी हाताशी होती म्हणून निभावलं. मग बघितलं, तर रंगाखालचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला.

तेव्हापासून आम्ही चूल कशी तपासतो, ते सांगतो.

चूल अंधाऱ्या खोलीत न्या आणि आत बॅटरी लावा. हवेसाठी मुद्दाम पाडलेली भोकं एकसारखी, ओळीत असतात. वाकड्यातिकड्या फटींतून उजेड आला, तर तो गंज समजा. पत्रा अंगठ्यानं दाबून बघा. दबला, तर चूल तिथंच ठेवा.

जाळी बाहेर काढून बघा. ओतीव लोखंडाची असेल तर पळीनं वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा गेलाय. काही चुलींना आतून भाजक्या मातीचं अस्तर असतं. त्यातली केसाएवढी रेघ चालते, पण ढलपा निघालेला असेल तर बाहेरचा पत्रा लवकर जळतो.

पंख्याची चूल असेल तर पंखा चालवून बघा. बॅटरी चार्ज होते का, चार्जर सोबत देणार का, हे विचारा. पंखा बंद पडला, की ती चूल धुरानं घर भरून टाकते.

चुलीवर आयएस १३१५२ हा शिक्का आहे का बघा. त्या मानकानुसार साध्या चुलीत जळणाची निदान २५ टक्के उष्णता भांड्याला मिळायला हवी, पंख्याच्या चुलीत ३५ टक्के. पण हा हिशोब नव्या चुलीचा. जुनी चूल पेटवूनच पारखायची. आपलं पातेलं, आपला तवा आणि आपली वाळलेली लाकडं घेऊन जा. अर्धा तास पेटवा. पेटताना थोडा धूर होणारच, पण जाळ धरल्यावर तो कमी व्हायला हवा. भांडं डुगडुगता कामा नये. विकणारा पेटवू देत नसेल, तर पैसे देऊ नका.

धुराड्याची चूल असेल तर पाइपचे सांधे बघा, आतली काजळी काढा. चूल पेटल्यावर तोंडाशी उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला, तर धुराडं नीट चालतंय. बाहेर आला, तर पाइप तुंबलाय किंवा बसवण्यात चूक आहे. पाइपचं तोंड छपराच्या वर हवं, आणि गवत, लाकूड, प्लॅस्टिक पाइपपासून लांब हवं. जुन्या निर्धूर चुलींना पुष्कळ ठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप लावलेले असत. तसा पाइप फुकट मिळाला तरी घेऊ नका. तो कापताना, फोडताना उडणारी धूळ छातीत गेली, तर पुढं कर्करोगही होऊ शकतो.

आणखी एक. धुराडं नसलेली चूल कितीही चांगली असली, तरी खिडकी उघडीच ठेवा. थंडीत निखारे घेऊन दार लावून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. डोकं दुखतं, गरगरतं, आणि झोपेत तर काही कळतही नाही. त्यात जीव जातो.

त्या अर्जाचं काय झालं? गटानं कर्ज मंजूर केलं, पण दोन अटी घातल्या. चूल बघायला सोबत गटातल्या दोघींनी जायचं, आणि चूल पेटवून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पहिली चूल आम्ही परत केली, दुसरी घेतली. तीवर आता रोज भाकरी होते.

तुम्हीही एकट्या जाऊ नका. पावती नाही मिळाली, तर विकणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घ्या.