तुझ्या तोंडात कोण राहतं?

दोस्ता, उद्या उठल्याउठल्या दातांवरून जीभ फिरवून बघ. बुळबुळीत लागेल. ओळख पाहू, काय असेल ते? रात्रीचं जेवण? छे! ती अख्खी वस्ती आहे. जिवंत!

ही वस्ती पहिल्यांदा पाहिली एका कापडवाल्यानं! हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे आंतोनी व्हान लेव्हेनहूक. भिंगं घासण्यात एकदम पटाईत! १६८३ साली त्यांनी स्वतःच्याच दातांतलं पांढरं कीटण काढलं, पाण्यात कालवलं आणि भिंगातून पाहिलं. अरेच्चा! इवले इवले जीव सुळकन पळत होते. काही तर गिरक्या घेत होते! त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला कळवलं, की आमच्या देशात माणसं नसतील एवढे जीव माझ्या तोंडात आहेत!

आणि हे गृहस्थ रोज मिठानं दात घासायचे बरं का!

मग त्यांनी कडक व्हिनेगरनं खळखळून चुळा भरल्या. सगळे जीव मेले? कुठले! कीटणाच्या आतले मजेत होते. चिकट थरातून व्हिनेगर आत शिरलंच नाही. म्हणून नुसती चूळ पुरत नाही. थर घासूनच काढावा लागतो.

हे इवले जीव म्हणजे जिवाणू. ते सगळेच खोडकर नसतात. पण काहींना साखर फार आवडते! ती खाऊन ते आम्ल सोडतात. दातावरचं दंतवल्क हाडाहूनही कठीण, तरी आम्लानं ते झिजतं.

मग दुरुस्ती कोण करतं? तुझी लाळ! पावसाळ्यात शाळेच्या भिंतीचे पोपडे निघतात आणि गवंडीकाका ते लिंपतात ना? तशी लाळ कॅल्शियम आणून दात लिंपते. पण दर थोड्या वेळानं गोळी चघळत राहिलं, तर गवंडीकाकांना उसंत कुठली?

आणि झोपेत तर लाळ फारच कमी होते! म्हणून रात्रीचं घासणं चुकवू नकोस. फ्लोराइडची पेस्ट, पुरती दोन मिनिटं. नंतर काही खायचं नाही, प्यायचं ते फक्त पाणी.

कीटण हिरडीच्या कडेला साचलं, की हिरडी सुजते. ब्रशला रक्त लागतं. अशा वेळी तिथं घासणं सोडायचं नाही! मऊ ब्रश, हलका हात. तरी रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्यांना दाखव.

त्यांच्याकडे एक भन्नाट गोळी मिळते. ती चावली, की लपलेलं कीटण रंगीत होतं! मागून तर बघ!